बाभळीचा काटा आणि मीटरभर लांबीची पेशी

“शिरेवर शीर चढली”, “मानेची नस आखडली”, “कंबरेत नस दबली”. ही तिन्ही वाक्यं आपण सहज बोलतो, पण तिन्हींमध्ये प्रकार वेगळा असतो. पहिल्यात बहुतेक वेळा पायात गोळा आलेला असतो, दुसऱ्यात मानेचा स्नायू ताठरलेला असतो. तिसऱ्यातच काय ती खरी नस, म्हणजे मज्जातंतू. आणि रक्त काढताना सिस्टर “नस सापडत नाही” म्हणतात, ती तर रक्तवाहिनी. एका शब्दात इतक्या गोष्टी कोंबल्या गेल्यामुळे मज्जातंतू म्हणजे नेमकं काय, हे बऱ्याच जणांना शेवटपर्यंत कळत नाही.

तर आधी ते स्पष्ट करू. मज्जातंतू ही काही वाहणारी नळी नव्हे. तो हजारो बारीक धाग्यांचा जुडगा आहे, आणि त्यातला प्रत्येक धागा म्हणजे एका जिवंत पेशीचा लांबच लांब हात. या पेशीला चेतापेशी म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत न्यूरॉन. तिच्या लांब हाताला अक्षतंतू म्हणतात.

दुसरा गैरसमज म्हणजे मज्जातंतू ही विजेची तार. शाळेत सोपं करून सांगताना ही उपमा देतात, पण माझ्या मते तिने फायद्यापेक्षा घोटाळाच जास्त होतो. तारेला खायला घालावं लागत नाही, चेतापेशीला लागतं. तारेतून जाताना वीज लांबवर क्षीण होत जाते. चेतापेशीतला संदेश मात्र पायाच्या अंगठ्यापाशी जेवढा असतो तेवढाच मणक्यापाशी पोचतो. हे कसं होतं, ते एका साध्या प्रसंगाच्या मागे मागे जाऊन पाहू. आपण शेताच्या बांधावरून अनवाणी चाललो आहोत आणि अंगठ्यात बाभळीचा काटा रुतला.

पहिला मुक्काम कातडीचा. वेदना टिपणाऱ्या चेतापेशींची टोकं कातडीत अगदी उघडी पसरलेली असतात, झाडाच्या मुळांच्या केसांसारखी. या टोकांच्या पातळ आवरणात प्रथिनांच्या सूक्ष्म झडपा असतात. काही झडपा दाब पडला की उघडतात, काही चटका बसला की. चटक्याने उघडणारी एक झडप साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडते, आणि गंमत अशी की मिरचीतल्या तिखट द्रव्यानेही तीच उघडते. मिरच्या कांडल्यावर हातांची “आग” होते असं आपण म्हणतो, ते शब्दशः खरं आहे. मेंदूला तिथे चटकाच बसल्याचा निरोप जातो. या झडपेचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस यांना, स्पर्शाच्या झडपा शोधणाऱ्या आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत, २०२१ चं नोबेल मिळालं.

दुसरा टप्पा समजायला जरा सावकाश जाऊ, कारण इथेच पुष्कळ जण अडतात. चेतापेशी गप्प असते तेव्हाही रिकामी बसलेली नसते. ती सतत सोडियम, म्हणजे मिठातलाच एक घटक, विद्युतभारित कणांच्या रूपात बाहेर फेकत असते आणि पोटॅशियम आत घेत असते. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, अशा हिशेबाने. त्यातून पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. धरणात पाणी अडवून ठेवावं, तशी ही तयारी. तिला इंधन लागतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असूनही तो विश्रांतीतल्या शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो, त्यातला मोठा वाटा अशा तयारीवर आणि संदेशांवर खर्च होतो.

काट्याच्या दाबाने टोकावरच्या झडपा उघडल्या की सोडियम आत घुसू लागतं. एका मर्यादेपलीकडे घुसलं की शेजारच्या सोडियमच्या झडपा आपोआप उघडतात, तिथेही सोडियम घुसतं, मग त्यापुढच्या उघडतात. प्रत्येक झडप सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात बंद होते, पोटॅशियम बाहेर जातं आणि तो तुकडा पूर्ववत होतो. म्हणजे संदेश वाहत जात नाही, तो प्रत्येक ठिकाणी नव्याने तयार होतो. म्हणूनच तो क्षीण होत नाही.

यातून एक प्रश्न हमखास येतो. काटा जोरात रुतला तर संदेश मोठा होतो का? नाही. संदेश एकतर पूर्ण होतो किंवा होतच नाही. जोर वाढला की दर सेकंदाला जाणाऱ्या संदेशांची संख्या वाढते, आणि जास्त पेशी जाग्या होतात. मेंदू त्या मोजणीवरून जोर ओळखतो.

हा उलगडा झाला तो माकुळामुळे. माकुळाच्या शरीरात डोळ्यांना दिसेल इतका जाड अक्षतंतू असतो. त्यात बारीक तार घालून ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी मोजमापं केली, १९५२ मध्ये गणितासह मांडली आणि १९६३ मध्ये नोबेल मिळवलं.

झडपांचं महत्त्व कळतं ते त्या बिघडल्यावर. दंतवैद्य हिरडीत लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात तेव्हा तिथल्या सोडियमच्या झडपा अडतात. दात तोच, जखम तीच, पण निरोपच निघत नाही. कोकणातल्या लाल विंचवाचं विष याच्या नेमकं उलट करतं. ते झडपा बंद होऊ देत नाही. मज्जातंतू सुटल्यासारखे संदेश पाठवत राहतात, त्यातून शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांसाठी प्राझोसिन या औषधाचा वापर रुजवला. ते झडपा मिटवत नाही, पण पुरामुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं, आणि त्याने असंख्य जीव वाचले आहेत.

तिसरा टप्पा वेगाचा. झडपा एकामागोमाग एक उघडत जाणं हे तसं संथ काम. ते वेगवान व्हावं म्हणून अनेक अक्षतंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं. हातापायांतल्या मज्जातंतूंवर ते श्वान पेशी तयार करतात. एक श्वान पेशी अक्षतंतूच्या जेमतेम मिलिमीटरभर तुकड्याभोवती स्वतःला गुंडाळून घेते, बोटावर चिंधी गुंडाळावी तशी, वेढ्यावर वेढे. दोन तुकड्यांमध्ये छोटी फट राहते. संदेश फक्त फटींवर नव्याने तयार होतो आणि एका फटीवरून दुसरीवर उडी मारत जातो.

आपण हे स्वतः अनुभवलेलं आहे. काटा रुतला की आधी चटकन टोचतं, आणि मग क्षणभराने ठणका सुरू होतो. टोचण्याचा निरोप नेणाऱ्या धाग्यांवर मायलिनचा पातळ थर असतो. त्यांचा वेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर. ठणक्याचे धागे उघडे, त्यांचा वेग सेकंदाला मीटरभराच्या आसपास. अंगठ्यापासून कंबरेपर्यंत सुमारे मीटरभर अंतर, म्हणून ठणका जवळजवळ सेकंदभर मागे राहतो. पुढच्या वेळी करंगळी कॉटच्या पायाला आपटली तर लक्ष देऊन पाहा.

मायलिन किती मोलाचं, ते जानेवारी २०२५ मध्ये पुण्याने पाहिलं. सिंहगड रस्ता आणि त्या भागातल्या गावांत गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकदम वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा दूषित अन्नपाण्यातून येणारा जिवाणू सापडला. त्याच्या पृष्ठभागावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. त्याने झालेले जुलाब थांबतात, पण जिवाणूसाठी तयार झालेली प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांपासून अशक्तपणा चढत जातो. काही रुग्णांत मायलिन सोललं जातं, काहींत घाव थेट अक्षतंतूवर बसतो. मायलिन श्वान पेशी काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा गुंडाळू शकतात. अक्षतंतूच तुटला तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. एकाच आजाराचे दोन शेजारी, एक तीन महिन्यांत चालू लागला आणि दुसरा वर्षभर काठी टेकतो, असं दिसलं तर कारण बहुधा इथे असतं. दुसऱ्याने व्यायामात कुचराई केली, असा ठपका कृपा करून ठेवू नये.

चौथा मुक्काम पेशीच्या मुख्य देहाचा. हा देह अंगठ्यात नसतो, मेंदूतही नसतो. तो मणक्याच्या अगदी शेजारी एका छोट्या गाठीत असतो. तिथून त्याचा एक हात पार अंगठ्यापर्यंत गेलेला, दुसरा पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत शिरलेला. देहाची रुंदी मिलिमीटरचा विसावा भाग धरा. हा देह सोललेल्या नारळाएवढा मोठा केला, तर त्याच प्रमाणात अंगठ्याकडे जाणारा हात सुमारे २ किलोमीटर लांब होईल, आणि ठणक्याचा धागा असेल तर त्याची जाडी सुतळीएवढीच राहील.

आता अडचण लक्षात येईल. नव्या झडपा, दुरुस्तीचं सामान, जवळपास सगळी प्रथिनं त्या नारळात बनतात आणि २ किलोमीटर दूर पोचवावी लागतात. अक्षतंतूत सूक्ष्म रूळ असतात, आणि मालाच्या पुड्या ओढत त्यांवरून चालणारी प्रथिनं असतात. खऱ्या मापात वेगवान माल दिवसाला सुमारे ४० सेंटिमीटर जातो, म्हणजे अंगठ्यापर्यंत दोन-तीन दिवस. संथ माल दिवसाला काही मिलिमीटरच सरकतो.

मधुमेहात बधिरपणा पायाच्या बोटांपासून का सुरू होतो, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आणि पेशींची आतली व्यवस्था, दोन्ही खराब होतात. ज्याचा पुरवठामार्ग सर्वांत लांब, तो धागा आधी वाळतो. मोजा चढवावा तसा बधिरपणा बोटांपासून वर येतो, हाताची पाळी नंतर येते.

पाचवा मुक्काम मेरुरज्जू. इथे आपल्या पेशीचा रस्ता संपतो आणि पुढच्या पेशीला निरोप द्यायचा असतो. दोघींमध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. ही जोडणी म्हणजे संपर्कस्थान, अर्थात सिनॅप्स. विजेचा संदेश फट ओलांडत नाही. पहिली पेशी ग्लुटामेटसारखं रसायन फटीत सोडते, ते पलीकडच्या झडपांवर जाऊन बसतं, आणि तिथे नवा संदेश उठतो. उरलेलं रसायन उचलायला ताराकृती पेशी शेजारीच उभ्या असतात. या ग्लिया गटातल्या. ग्लिया म्हणजे ग्रीकमध्ये डिंक. यांचं काम फक्त चिकटवण्याचं, असं पूर्वी वाटे, म्हणून हे नाव. मेंदूत त्यांची संख्या चेतापेशींच्या जवळपास बरोबरीची आहे, आणि चेतापेशी आहेत सुमारे ८,६०० कोटी.

करडा भाग कुठे आणि पांढरा कुठे, यात विद्यार्थी नेहमी चुकतात. मेरुरज्जूत करडा भाग आत आणि पांढरा बाहेर, तर मोठ्या मेंदूत करडा भाग वरच्या सालीत. पांढरेपणा मायलिनच्या चरबीचा. जिथून लांब धाग्यांचे जुडगे जातात तो भाग पांढरा, जिथे पेशींचे देह आणि संपर्कस्थानं तो करडा. एवढं धरून ठेवलं तर पाठांतर लागत नाही.

सहावी पायरी पाय उचलण्याची. मेंदूला खबर लागण्याआधीच मेरुरज्जूतल्या मधल्या पेशी निर्णय घेतात. काटा रुतलेला पाय वर येतो आणि त्याच वेळी दुसऱ्या पायाचे स्नायू घट्ट होतात, नाहीतर आपण तोंडावर आपटलो असतो. हुकूम नेणाऱ्या पेशींचे देह मेरुरज्जूच्या पुढच्या करड्या भागात असतात. पोलिओचा विषाणू नेमके हेच देह मारतो. म्हणून पोलिओत पाय लुळा पडतो, पण त्याला काटा टोचलेला कळतो.

या पेशींचे हात स्नायूपाशी पोचून ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडतात, स्नायू आकसतो, आणि एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते रसायन लगेच मोडून टाकतं. नागाच्या विषातले घटक स्नायूवरची ॲसिटिलकोलीनची जागा अडवतात. मण्यारीचं विष त्याहून वाईट, ते प्रामुख्याने मज्जातंतूचं टोकच निकामी करतं. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, सूज किंवा दुखणं फारसं नसतं, म्हणून घरचे सकाळपर्यंत थांबतात. रात्री पोटदुखी किंवा उलट्या, आणि पापण्या जड होऊन मिटायला लागणं, हे दिसलं की दवाखाना गाठायचा. पुढचा नंबर श्वासाच्या स्नायूंचा असतो. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली फवारणीची कीटकनाशकं ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या या विकरालाच अडवतात. मग रसायन साचत जातं, तोंडाला फेस येतो, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, स्नायू फडफडतात.

शेवटी निरोप मेंदूत. वेदनेचे धागे मेरुरज्जूतच बाजू बदलतात, त्यामुळे उजव्या अंगठ्याची खबर डाव्या मेंदूत जाते. “कुठे दुखतंय” आणि “किती नकोसं वाटतंय” हे मेंदूत वेगवेगळ्या भागांवर अवलंबून असतं. पाय उचलून झाल्यावर मगच आपण “आई गं” म्हणतो, ते मेंदूला खबर नंतर पोचते म्हणून.

काटा काढून आपण अंगठा चोळतो, तेही वाया जात नाही. स्पर्शाचे धागे जाड, मायलिनचे आणि वेगवान. मेरुरज्जूत ते वेदनेच्या निरोपाला मध्येच थोपवतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये वेदनेला अडवणाऱ्या या फाटकाची कल्पना मांडली. तपशील पुढे बदलले, पण चोळल्याने बरं वाटतं हे प्रत्येक आईला ठाऊकच होतं.

काटा रुतूनही काही कळलंच नाही, तर मात्र थांबू नका, त्यामागे कुष्ठरोग किंवा मधुमेह असू शकतो. कुष्ठरोगाचा जिवाणू श्वान पेशींतच घर करतो, हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ती औषधं फुकट मिळतात. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे आरशात पाहा, आणि वर्षातून एकदा पायांची तपासणी मागून घ्या. डॉक्टर १० ग्रॅम दाबाला वाकणारा एक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. आपण डोळे मिटून पडायचं, आणि स्पर्श जाणवला की “हो” म्हणायचं.