गुपिते फोडणारे : नायक की फितूर?

१ ऑक्टोबर १९६९ ची रात्र. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील रँड कॉर्पोरेशन या संरक्षणविषयक संशोधन संस्थेच्या इमारतीतून डॅनियल एल्सबर्ग नेहमीप्रमाणे बाहेर पडले. पहारेकऱ्यांनी त्यांना हटकले नाही. त्यांच्या हातातील ब्रीफकेसमध्ये मात्र ‘अतिगोपनीय’ असा शिक्का असलेली कागदपत्रे होती. एका परिचित महिलेच्या जाहिरात कंपनीत झेरॉक्स यंत्र होते. तेथे अँथनी रूसो या सहकाऱ्याच्या मदतीने त्यांनी रात्रभर एकेका पानाची प्रत काढली आणि मूळ कागद पुन्हा कपाटात नेऊन ठेवले. हा क्रम पुढे कित्येक आठवडे चालला. या कृत्यामुळे उर्वरित आयुष्य तुरुंगात जाणार, याची त्यांना पुरेपूर जाणीव होती.

‘पेंटागॉन पेपर्स’ या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेल्या या दस्तऐवजांनी एक जुनाच प्रश्न नव्याने उभा केला. लष्करी गुपिते फोडणारा माणूस देशद्रोही मानायचा की देशाचे भले करणारा नायक? अर्धशतक उलटून गेले, तरी या प्रश्नाची धार कमी झालेली नाही.

हे कागद होते तरी कशाचे? अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी १९६७ मध्ये व्हिएतनामविषयक धोरणाचा एक अंतर्गत इतिहास लिहवून घेतला. ४७ खंड आणि सुमारे ७,००० पाने असा त्याचा पसारा होता. ट्रुमन, आयसेनहॉवर, केनेडी आणि जॉन्सन या चार अध्यक्षांच्या काळातील निर्णय त्यात नोंदले होते. जनतेला विजय दृष्टिपथात असल्याचे सांगितले जात असताना सत्ताधाऱ्यांच्या खासगी टिपणांत मात्र शंकेचा सूर होता, हे त्यातून स्पष्ट झाले. संरक्षण खात्याचे एक वरिष्ठ अधिकारी जॉन मॅक्नॉटन यांनी मार्च १९६५ मध्ये युद्धाच्या उद्दिष्टांची चक्क टक्केवारी मांडली होती. ७० टक्के उद्दिष्ट अमेरिकेचा मानहानीकारक पराभव टाळणे, २० टक्के दक्षिण व्हिएतनाम चीनच्या हाती जाऊ न देणे आणि अवघे १० टक्के तेथील जनतेला चांगले जीवन लाभू देणे! या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक प्राणास मुकले. व्हिएतनामी मृतांची संख्या कित्येक लाखांत जाते.

एल्सबर्ग हे काही जन्मजात युद्धविरोधक नव्हते. मरीन दलात अधिकारी म्हणून त्यांनी सेवा केली होती, हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवली होती, पेंटागॉनमध्ये काम केले होते आणि व्हिएतनाममध्ये दोन वर्षे राहून युद्ध जवळून पाहिले होते. प्रस्तुत इतिहासाच्या लेखनातही त्यांचा हातभार होता. महत्त्वाचे म्हणजे ते थेट वृत्तपत्राकडे गेले नाहीत. सिनेटर विल्यम फुलब्राइट आणि जॉर्ज मॅक्गव्हर्न यांच्याकडे त्यांनी आधी दाद मागितली, परंतु हे कागद उघड करण्यास दोघेही धजावले नाहीत. अखेर ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे नील शीहान यांच्यापर्यंत ते पोहोचले आणि १३ जून १९७१ रोजी पहिला भाग प्रसिद्ध झाला. राजनैतिक वाटाघाटींविषयीचे चार खंड मात्र एल्सबर्ग यांनी वृत्तपत्रांना दिले नाहीत. शांततेच्या बोलण्यांत त्यामुळे अडथळा येऊ नये, हा त्यामागील विचार होता.

निक्सन प्रशासनाने तातडीने न्यायालयात धाव घेऊन प्रकाशन थांबवले. ३० जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने कौल दिला. या निकालाविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. प्रकाशनापूर्वी बंदी घालण्याइतके सबळ कारण सरकारला दाखवता आले नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले होते. गुपित फोडणे कायदेशीर आहे, असे त्याने मुळीच म्हटले नव्हते. एल्सबर्ग यांच्यावर स्वतंत्र खटला चालला. सर्व आरोप सिद्ध झाले असते, तर त्यांना ११५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकला असता. ‘आपण हे कागद का काढले?’ असे त्यांच्याच वकिलाने साक्षीच्या वेळी विचारले, तेव्हा तो प्रश्न अप्रस्तुत ठरवून उत्तर देऊ दिले गेले नाही. पुढे व्हाइट हाउसच्या माणसांनी एल्सबर्ग यांच्या मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात केलेली घरफोडी आणि बेकायदा टेलिफोन टॅपिंग उजेडात आले. परिणामी ११ मे १९७३ रोजी न्यायाधीशांनी खटलाच रद्द केला. म्हणजे एल्सबर्ग सुटले ते सरकारच्या गैरवर्तनामुळे. त्यांचे कृत्य योग्य होते की अयोग्य, याचा निवाडा झालाच नाही.

ज्या कायद्याखाली हा खटला झाला, तो पहिल्या महायुद्धाच्या काळातील, १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा होय. त्यात जनहिताचा बचाव मांडण्यास जागा नाही. सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स याने १९८५ पासून पैशांसाठी सोव्हिएत संघाला गुपिते विकली. त्यापायी अमेरिकेसाठी काम करणारे अनेक खबरे मृत्युदंडास सामोरे गेले. हा नराधम आणि आपल्याच जनतेपुढे सत्य ठेवणारा एल्सबर्ग यांना एकाच कायद्याच्या कक्षेत आणले जावे, यातच या कायद्याचे अपुरेपण दिसते.

अर्थात, याचा अर्थ गोपनीयता म्हणजे निव्वळ राज्यकर्त्यांचे सोंग, असा नव्हे. सैन्याच्या हालचाली, संदेशांची सांकेतिक भाषा आणि शत्रूच्या गोटातील खबऱ्यांची नावे यांवर हजारो जिवांची सुरक्षितता अवलंबून असते. जून १९४२ मधील मिडवेच्या आरमारी लढाईनंतर ‘शिकागो ट्रिब्यून’ने जपानचा बेत अमेरिकी नौदलाला आधीच ठाऊक असल्याची बातमी छापली. जपानी संकेतलिपी फुटली आहे, हे त्यावरून चाणाक्ष शत्रूने सहज ताडले असते. या बातमीने जनतेचा कोणताही लाभ झाला नाही, कोणतेही असत्य उघडे पडले नाही. जपानच्या हे लक्षात आले असल्याचे दिसत नाही, हे केवळ सुदैव.

या दोन उदाहरणांतच प्रश्नाची किल्ली आहे. फोडलेले गुपित कोणाचे रक्षण करीत होते? मिडवेचे गुपित समुद्रावरील सैनिकांचे रक्षण करीत होते. व्हिएतनामचे गुपित मात्र राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेचे रक्षण करीत होते आणि त्याची किंमत सैनिक मोजत होते. प्रकाशनाविरुद्ध सरकारची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडणारे सॉलिसिटर जनरल अर्विन ग्रिसवोल्ड यांनीच १९८९ मध्ये लिहिले, की या प्रकाशनामुळे राष्ट्रीय सुरक्षेला धोका पोहोचल्याची खूणही आपल्याला आढळली नाही.

प्रत्येक प्रकरण मात्र इतके स्वच्छ नसते. अमेरिकी लष्करातील चेल्सी मॅनिंग यांनी २०१० मध्ये विकिलीक्सला सात लाखांहून अधिक दस्तऐवज पुरवले. जुलै २००७ मध्ये बगदादमध्ये हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबारात रॉयटर्सच्या दोन कर्मचाऱ्यांसह अनेक जण मारले गेल्याचे चित्रीकरण त्यात होते. ते जगापुढे येणे आवश्यकच होते. पण त्याच ढिगात अमेरिकेला मदत करणाऱ्या अफगाण नागरिकांची नावेही होती. ती उघड झाल्यामुळे कोणाचा बळी गेल्याचा पुरावा खटल्यात पुढे आला नाही, हे खरे. तथापि, इतके कागद एका व्यक्तीने वाचून, निवडून देणे अशक्य होते, हेही तितकेच खरे. मॅनिंग यांना २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. २०१७ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी ती कमी केल्याने त्यांची सुटका झाली.

एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये उघड केलेला, कोट्यवधी अमेरिकी नागरिकांच्या दूरध्वनी नोंदी गोळा करण्याचा कार्यक्रम पुढे न्यायालयांनी बेकायदा ठरवला. त्याच वर्षी मार्चमध्ये गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांनी सिनेट समितीपुढे अशा संकलनाचा इन्कार केला होता. परंतु स्नोडेन यांनी नेलेल्या कागदपत्रांत परदेशातील वैध हेरगिरीचे तपशीलही होते आणि त्यांना आश्रय मिळाला तो रशियात. याउलट जॅक टेशेरा या २१ वर्षांच्या जवानाने युक्रेन युद्धाविषयीची गोपनीय टिपणे गेम खेळणाऱ्या मित्रमंडळींपुढे फुशारकीखातर टाकली. त्यात ना तत्त्व होते, ना जनहित. २०२४ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे या पेचाचे प्रतीक म्हणजे बिभीषण. रामभक्तांच्या लेखी तो धर्मनिष्ठ, तर लोकभाषेत ‘घरभेदी’. तथापि, त्याने आधी भर दरबारात रावणाला समजावण्याचा प्रयत्न केला होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. एल्सबर्ग यांनीही आधी घरातलेच दरवाजे ठोठावले होते. फरक एवढाच, की बिभीषण शत्रूच्या गोटात गेला आणि एल्सबर्ग स्वतःच्याच देशबांधवांकडे. पुढे ते पळून न जाता बॉस्टनमध्ये अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाले. काय उघड केले, कोणापुढे केले, निवडून केले की सरसकट, आधी अन्य मार्ग चोखाळला काय आणि परिणामांना तोंड दिले काय, या कसोट्या लावल्या, तर ‘नायक’ आणि ‘गद्दार’ या दोन शब्दांपलीकडे जाऊन विचार करता येतो.

भारतात हा प्रश्न परका नाही. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा ही ब्रिटिश राजवटीची देणगी. राफेल विमान खरेदीविषयीची संरक्षण खात्यातील कागदपत्रे २०१९ मध्ये ‘द हिंदू’ने छापली, तेव्हा ती चोरीची असल्याने न्यायालयाने विचारात घेऊ नयेत, असा सरकारचा युक्तिवाद होता. १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि त्या निकालात पेंटागॉन पेपर्स प्रकरणाचा दाखलाही दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेरविचार याचिका गुणवत्तेवर फेटाळल्या गेल्या, ही गोष्ट वेगळी. कागद तपासले जाणे आणि आरोप सिद्ध होणे या भिन्न बाबी आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानेही, हानीपेक्षा जनहित अधिक असेल तर गोपनीय माहिती देता येते, असे तत्त्व मान्य केले आहे.

तत्त्व आणि व्यवहार यांतील अंतर पाहायचे, तर १९६२ च्या पराभवाची चौकशी आठवावी. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांचा अहवाल १९६३ मध्ये सादर झाला आणि बंदिस्त झाला. मार्च २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला. तेव्हा विरोधी पक्षात असलेले अरुण जेटली यांनी तो जाहीर व्हावा, अशी भूमिका घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये संरक्षणमंत्री या नात्याने राज्यसभेत त्यांनी सांगितले, की अहवाल अतिगोपनीय असून तो उघड करणे राष्ट्रहिताचे नाही.

नामका चू नदीच्या काठी पुरेशा उबदार कपड्यांविना आणि तुटपुंज्या दारूगोळ्यानिशी जे जवान उभे केले गेले, त्यांच्या कुटुंबीयांना हे असे का घडले याचे अधिकृत उत्तर मिळालेले नाही. पेंटागॉन पेपर्स अमेरिकेने २०११ मध्ये, चाळीस वर्षांनी का होईना, संपूर्णपणे खुले केले. ते पाहूनच २०२३ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी एल्सबर्ग यांनी जगाचा निरोप घेतला. १९६२ चे ते कपाट आज कोणाचे रक्षण करीत आहे, हा प्रश्न मात्र त्या जवानांच्या वारसांनी कोणाला विचारावा?