मल्टिपल स्क्लेरोसिस, व्यायाम आणि मेंदूचे आकारमान

मेंदू व पृष्ठरज्जू यांतील मज्जातंतूंभोवती मायलिन या मेदयुक्त द्रव्याचे वेष्टन असते. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराची प्रतिरक्षायंत्रणाच त्या वेष्टनावर आघात करते व ठिकठिकाणी चट्टे पडतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ मध्ये या विकाराचे जे वर्णन केले, त्यात या चट्ट्यांना प्रमुख स्थान होते. परंतु चट्टे म्हणजे सर्व विकार नव्हे. वेष्टन गमावलेले तंतू कालांतराने स्वतःच नष्ट होतात आणि मेंदूचे आकारमान घटू लागते. निरोगी प्रौढांत ही घट वर्षाकाठी साधारणतः ०.१ ते ०.३ टक्के असते. या रुग्णांत ती ०.५ ते १.३५ टक्क्यांपर्यंत आढळते. सुमारे निम्म्या रुग्णांत स्मृती व आकलनाचा वेग यांनाही बाधा पोहोचते. ही हानी व्यायामाने थोपविता येईल काय, असा प्रश्न गेल्या काही दशकांत पुढे आला आहे.

त्यापूर्वी दीर्घकाळ प्रश्न नेमका उलट होता. व्यायामाने रोग बळावेल, अशी भीती वैद्यकात रूढ होती आणि रुग्णास विश्रांतीचाच सल्ला मिळत असे. या भीतीस एका खऱ्या निरीक्षणाचा आधार होता. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये असे नोंदविले, की काही रुग्णांची दृष्टी शारीरिक श्रमानंतर मंदावते. त्यांनी याचे कारण श्रम हेच मानले; वस्तुतः ते शरीराच्या वाढलेल्या तापमानात असल्याचे पुढे दिसून आले. वेष्टनहीन तंतूतून विद्युत्-संवेग जेमतेम पुढे सरकत असतो. तापमान वाढले की तंतूच्या पटलातील सोडियम-मार्ग अधिक त्वरेने मिटतात, संवेगाचा अवधी आखडतो आणि पुढचा भाग उद्दीपित करण्यास प्रवाह अपुरा पडतो. अर्ध्या अंशाची वाढही काही तंतूंत संवेग खुंटविण्यास पुरते. रुग्णास ऊन पाण्यात बसवून लक्षणे उमटतात काय हे पाहण्याची एक निदान-परीक्षाही त्यामुळे प्रचारात होती. मात्र शरीर थंड होताच संवेग पूर्ववत् वाहू लागतो. तंतूस नवी इजा झालेली नसते. लक्षण वाढले म्हणजे रोग वाढला, हे समीकरण येथे चुकते. आणि त्या चुकीपायी रुग्णांच्या कित्येक पिढ्या अंथरुणास खिळून अधिकच दुर्बळ झाल्या असतील.

या समजुतीस प्रायोगिक छेद दिला तो पेटाजान व त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांच्या १९९६ च्या अभ्यासाने. ५४ रुग्णांचे यादृच्छिक रीतीने दोन गट केले. एका गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी ४० मिनिटे हातापायांचा व्यायाम केला. त्यांची कमाल प्राणवायु-ग्रहणक्षमता २२ टक्क्यांनी वाढली आणि खिन्नता उणावली. अपंगत्वाच्या प्रचलित मापश्रेणीवर मात्र फरक पडला नाही. रोग बळावला नाही, एवढे निष्पन्न झाले. आणि त्या काळी तेवढेच पुष्कळ होते.

येथून विचार मेंदूकडे वळला. वृद्ध, पण निरोगी अशा १२० व्यक्तींवरील एरिक्सन व सहकाऱ्यांच्या २०११ च्या प्रयोगात वर्षभर चालण्याचा व्यायाम केलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांतही अधिक शारीरिक क्षमता असलेल्यांचे करडे द्रव्य अधिक सुस्थितीत असल्याचे प्रकाश व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखविले. हा पुरावा मोहक आहे. परंतु तो एकाच क्षणी घेतलेला छेद आहे. ज्याचा मेंदू कमी बिघडला तोच अधिक हिंडूफिरू शकतो, ही उलट दिशेची कार्यकारणता त्यात नाकारता येत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात व्यायामानंतर हिप्पोकॅम्पस १६.५ टक्क्यांनी वाढल्याचे नमूद आहे. त्या अहवालात रुग्ण दोनच होते आणि त्यांपैकी एकानेच श्वसनक्षमता वाढविणारा व्यायाम केला होता. हा आकडा निष्कर्ष म्हणून उद्धृत करणाऱ्यांनी एवढे तरी सांगावयास हवे.

खरी कसोटी यादृच्छिक प्रयोगाची. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथील संशोधकांनी ८६ रुग्णांवर केलेला असा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २४ आठवड्यांच्या तीव्र व्यायामाने हृदय-श्वसनक्षमता वाढली, पण मेंदूच्या एकूण आकारमानात दोन गटांत फरक आढळला नाही. व्यायाम करणाऱ्यांत रोगाचे झटके कमी आले खरे. तथापि प्रयोग त्यासाठी रचलेला नव्हता. या नकारात्मक उत्तराचा अर्थ लावताना मापनाचा विचार अपरिहार्य ठरतो. वार्षिक घट ०.५ ते १.३५ टक्के धरली, तर २४ आठवड्यांत ती सुमारे ०.२ ते ०.६ टक्के भरते. चुंबकीय प्रतिमांवरून असा बदल मोजण्याच्या पद्धतीतील त्रुटीच ०.२ टक्क्यांच्या आसपास असते. शिवाय मेंदूचे आकारमान शरीरातील पाण्यावरही अवलंबून असते. जर्मनीतील २००५ च्या एका अभ्यासात निरोगी व्यक्तींनी १६ तास द्रवपदार्थ वर्ज्य केल्यावर ते ०.५५ टक्क्यांनी घटले होते. म्हणजे रुग्णाच्या सबंध वर्षाच्या हानीएवढा फरक केवळ तहानेने पडू शकतो! सहा महिन्यांच्या प्रयोगास जेथे फरक दिसत नाही, तेथे तो नाहीच असे म्हणणे जितके घाईचे, तितकेच तो लपून राहिला आहे असे गृहीत धरणेही घाईचे.

आकारमान बाजूस ठेवून बुद्धिव्यापाराकडे पाहिले तरी चित्र फारसे निराळे नाही. कॅनडा, अमेरिका व युरोपातील ११ केंद्रांत, रोग क्रमशः वाढत जाणाऱ्या ३११ रुग्णांवर झालेल्या ‘कॉगएक्स’ या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बौद्धिक सराव व व्यायाम यांची १२ आठवडे जोड देऊनही, आकलनाच्या वेगाच्या चाचणीत तो गट इतर गटांहून सरस ठरला नाही. या रुग्णांत विकार पुष्कळ पुढे गेलेला होता आणि आकलनवेग आधीच घटलेला होता. विकाराच्या आरंभीच, तंतू अद्याप शाबूत असताना, वर्षानुवर्षे व्यायाम केल्यास काय होईल, याचे उत्तर १२ वा २४ आठवड्यांच्या प्रयोगांतून निघण्यासारखे नाही.