लेकरू आळशी नाही, अक्षरे अडतात

कळंबसारख्या गावात आपली लेकरे घरी दखनी बोलतात, शाळेत मराठी वाचतात आणि मकतबमध्ये अरबी कायदा शिकतात. बहुतेकांना हे जमते. पण एखादे लेकरू गोष्ट छान सांगते, सूरह ऐकून पाठ करते आणि पुस्तक उघडले की अडखळते. मग त्याला कुणी आळशी म्हणते, कुणी ढ. मारही बसतो. अशी मुले पुढे शाळा सोडून गॅरेजवर किंवा दुकानात लागतात.

हा डिस्लेक्सिया असू शकतो. यात आवाज आणि अक्षर यांची सांगड घालणे जड जाते, बुद्धी कमी नसते. दोन-तीन भाषा शिकल्याने तो होत नाही. अशा मुलांचा ब-व, भ-म, घ-ध यांत गोंधळ होतो. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर येतो. अरबीत बे, ते, से ही अक्षरे फक्त नुक्त्यांवरून ओळखायची असतात.

आधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. मग शाळेमार्फत पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना भेटा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये आणलेल्या ‘डाली’ चाचणीत मराठीचाही समावेश आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे. सरकारी प्रमाणपत्र मिळाले, तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक अशा सवलती मागता येतात. लोक काय म्हणतील म्हणून हा हक्क सोडू नका.

घरी रोज पंधरा मिनिटे पुरतात. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढायला लावा आणि त्याच वेळी त्याचा आवाज म्हणायला सांगा. एका वेळी एकच अक्षर घ्या. ‘ब’ पक्का झाल्याशिवाय ‘व’ला हात लावू नका. जोडाक्षर फोडून दाखवा. वाचताना ओळीखाली पट्टी धरा. धडा आधी अम्मी किंवा अब्बूंनी वाचून दाखवावा, मग मुलाने सोबत वाचावा.

मकतबच्या उस्तादांनाही विश्वासात घ्या. या लेकराचा सबक सर्वांसमोर न घेता बाजूला बसवून घ्यावा, एवढी विनंती करा. चार पोरांसमोरचे हसू थांबले, की ते पुन्हा कायदा उघडायला तयार होते.