माथेरानच्या बाष्पइंजिनांचा पोकळ आस

नेरळ–माथेरान हा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग पीरभॉय घराण्याच्या भांडवलातून उभारला गेला व १९०७ साली सुरू झाला. वीस फुटांस एक फूट इतकी चढण आणि घाटातील तीव्र वळणे यांमुळे तेथे सामान्य इंजिनाचा निभाव लागणे कठीण होते. चढणीसाठी सर्व चाके परस्परांस जोडलेली असावी लागतात. परंतु जोडलेले आस समांतर राहत असल्याने तीच चाके वळणावर अडतात. ऑरेन्स्टाइन आणि कॉपेल या जर्मन कारखान्याने हा विरोध क्लीन–लिंडनर रचनेने मिटविला. तीत पुढील व मागील चाके पोकळ आसावर बसविलेली असून, आतील भरीव आस गोलाकार सांध्याने त्यास फिरवितो. त्यामुळे ओढ न गमावता चाके रुळांच्या वळणाप्रमाणे वळतात.

या जातीची चार इंजिने होती. मार्गावरील बाष्पयुग १९८२ साली संपले. पुढे एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले, ७४० क्रमांकाचे परदेशी गेले, तर नेरळ व माथेरान येथे एकेक प्रदर्शनार्थ ठेवण्यात आले. मात्र पोकळ आसाचे मर्म बाहेरून दिसत नाही. म्हणून केवळ रंगरंगोटी म्हणजे जतन नव्हे. आराखडे, मापे व कारागिरांचे दुरुस्तीचे ज्ञान नोंदविले गेले, तरच ते यंत्र खऱ्या अर्थाने टिकेल.