वाघाच्या वेशीवरची ग्रामसमिती

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे हल्लीं पुण्यामुंबईकडील सुशिक्षित कुटुंबें आजीआजोबांसह ताडोबाच्या वाटेस लागतात. वाघ दिसला तर वर्षभर त्याची कथा पुरते. न दिसला तर गाडीवाल्याच्या नांवानें बोटें मोडलीं जातात. आम्ही पडलों मूलचे रहिवासी. तेव्हां या मंडळींपैकीं कोणी ना कोणी आमच्याकडे उतरतेंच. त्यांस आम्ही एक प्रश्न हटकून विचारतों : फाटकावर आपण जे पैसे भरलेत, ते गेले कोठें? त्यावर उत्तर असें सहसा मिळत नाहीं.

ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान १९५५ सालीं झालें. पुढें १९८६ त अंधारी अभयारण्य झालें व १९९५ सालीं दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प ठरला. या गाभ्याचें क्षेत्र सुमारें सव्वासहाशें चौरस किलोमीटर आहे. २०१० सालीं त्याच्या भोंवतीं अकराशें चौरस किलोमीटरांचा बफर पट्टा जाहीर झाला. म्हणजे कडें हें आंतल्या मण्याहून पावणेदोन पट मोठें! या कड्यांत पाऊणशेंहून अधिक गांवें आहेत. त्यांचीं धानाचीं शेतें, गुरें, शाळा व देवळें आहेत. आमच्या मूल तालुक्यांतील कांहीं गांवेंहि त्यांतच मोडतात. वनानें वाघास व वाघानें वनास राखावें हा विचार महाभारताच्या उद्योगपर्वांत आला आहे. त्या दोहोंच्या मध्यें राहणाऱ्या गांवकऱ्याची सोय मात्र त्या उपमेंत नाहीं. ती आतां समितीस लावावी लागत आहे.

वन्यजीव संरक्षण कायद्यांत २००६ सालीं दुरुस्ती झाली व प्रत्येक व्याघ्रप्रकल्पास स्वतःचें प्रतिष्ठान काढण्याची तरतूद झाली. प्रवेशशुल्क सरकारी खजिन्यांत न जातां या प्रतिष्ठानांत जमा होतें. २०१२ च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें गाभ्यांतील पर्यटन थांबविलें. ऑक्टोबरांत नवे नियम आले तेव्हां तें पुन्हां सुरू झालें. त्या नियमांप्रमाणें गाभ्याचा पांचवा हिस्साच फार तर प्रवाशांस मोकळा ठेवतां येतो, आणि देखरेखीसाठीं विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालीं एक स्थानिक सल्लागार समिति असावी लागते. ही झाली वरची समिति. प्रवाशाचा जिच्याशीं प्रत्यक्ष संबंध येतो ती गांवची. तिचें नांव ग्राम परिस्थितिकीय विकास समिति. हें नांव उच्चारतां उच्चारतांच निम्मी सभा संपावी!

गांवांतील प्रौढ स्त्रीपुरुष हे तिचे सभासद. त्यांतून कार्यकारी मंडळ निवडलें जातें. अध्यक्ष गांवचा; सचिव मात्र वनखात्याचा, बहुधा वनपाल किंवा वनरक्षक. बँकेंतील खात्यावर दोघांच्या सह्या लागतात. प्रत्येक जिप्सीबरोबर स्थानिक मार्गदर्शक घेणें सक्तीचें आहे आणि मार्गदर्शकांच्या पाळ्या लागतात, त्या नंबरवारीनें. अमक्या साहेबांस अमकाच गाईड हवा, हा हट्ट तेथें चालूं नये, कारण पाळी चुकली तर एका घरची त्या दिवसाची मजुरी बुडते. मोहर्लीकडे आणि कोलाऱ्याकडे स्त्रियाहि हें काम करूं लागल्या आहेत. ज्या मुलीनें आईबरोबर मोहफुलें वेंचलीं, ती आतां दूरदेशच्या पाहुण्यास सांबराची हांक ओळखावयास शिकविते. ही गोष्ट आम्हांस वाघ दिसण्याहून मोठी वाटते.

सोयींच्या बाबतींत आगरझरी पाहण्यासारखी आहे. इरई धरणाच्या फुगवट्यांतील नौकाविहार व फुलपांखरांची बाग गांवकऱ्यांच्या हातून चालते. याच धरणाचें पाणी चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रास जातें; एका कांठीं राखेचे डोंगर तर दुसऱ्या कांठीं पक्षी! आमच्या बाजूस सोमनाथचें फाटक आहे. तेथील महादेव व झरा जुने. बाबा आमट्यांचा प्रकल्पहि तेथलाच. तेव्हां येथें भाविक, शिबिरार्थी व वाघ पाहणारे अशा तीन प्रकारच्या पाहुण्यांची व्यवस्था एकाच रानानें सोसावयाची आहे. गाड्यांचा तळ, प्यावयाचें पाणी, विशेषतः स्त्रियांचीं स्वच्छतागृहें, हीं कामें कोणाच्या नजरेंत भरत नाहींत. पण समितीची परीक्षा व्हावयाची ती तेथेंच.

आतां मुद्द्याची गोष्ट. २०२५ च्या मे महिन्यांत शेजारच्या सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत दगावल्या. उन्हाळ्यांत पहाटे मोह आणि तेंदू यांसाठीं रानांत शिरल्यावांचून पुष्कळ घरांचा आषाढ निघत नाहीं. ज्या वाघास पाहण्यासाठीं आपण हजारों रुपये मोजतों, त्याच्या शेजाराची किंमत हीं घरें अशी देतात. म्हणून फाटकाच्या उत्पन्नांतील गांवचा वाटा हें कोणाचें औदार्य नव्हे. तें देणें आहे. २०१५ पासूनच्या जन-वन विकास योजनेंत स्वयंपाकाच्या गॅससारख्या सोयी या समित्यांमार्फत दिल्या जातात, त्यांतला हिशेब हाच : जितक्या मोळ्या कमी, तितक्या जंगलांतील खेपा कमी.

पण देणें चुकतें झालें कीं नाहीं हें ज्यास द्यावयाचें त्यास कळावयास नको काय? येथें समितीची उणीव दिसते. ती शासननिर्णयानें जन्मलेली, सचिव खात्याचा, कागद त्याच्या कपाटांत. सचिव भला असला तर सभेंत हिशेब वाचला जातो. त्याची बदली झाली कीं पुन्हां पहिले पाढे पंचावन्न. याउलट गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं तेथील ग्रामसभेस सुमारें अठराशें हेक्टर वनाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ त बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारहि हातीं आला. तेथें निर्णय बहुमतानें नव्हे, सर्वसहमतीनें होतात. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यांतील पाचगांवानें तर हक्क मिळाल्यावर तेंदूपत्त्याचें उत्पन्न आपण होऊन सोडलें, कारण त्यासाठीं झाडें छाटावीं लागतात व रानास आगी लावल्या जातात. आणि कांहीं वन त्यांनीं वन्य प्राण्यांकरितां राखून ठेविलें. राखीव रानाची सीमा तेथें गांवानेंच घातली आहे.

असेंच कोंकणांतहि घडलें आहे. नाना फडणिसांच्या भानू घराण्याचें मूळ गांव वेळास. तेथें चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र संस्थेनें २००२ सालीं समुद्रकांसवांचीं अंडीं राखण्यास आरंभ केला व २००६ पासून कांसवांचा महोत्सव भरूं लागला. पाहुणे उतरतात ते गांवकऱ्यांच्याच घरीं, जेवतात त्यांच्याच माजघरांत. पूर्वीं जीं अंडीं माणसें खणून नेत, तींच आतां तीं राखतात. तेथें किनारा आणि येथें अरण्य, इतकाच काय तो फरक. अर्थात् कांसव कोणास खात नाहीं, त्यामुळें वेळासचें काम पुष्कळ सोपें, हेंहि कबूल केलें पाहिजे.

ताडोबाच्या समित्यांनीं एकदम मेंढ्यासारखें व्हावें असा आमचा आग्रह नाहीं. एवढेंच व्हावें : महिन्याची जमा, मजुरी, दुरुस्तीचा खर्च व शिल्लक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूनें लिहिली जावी, आणि वर्षाचा हिशेब ग्रामसभेंत, तोहि स्त्रिया हजर असतां, वाचला जावा. बफरमधल्या पुष्कळ गांवांत तिसरी-चौथीचें पोर तो फळा वाचून दाखवील. आमच्या वाचकांपैकीं जे येत्या हंगामांत येतील, त्यांनीं मंगळवार टाळावा, कारण त्या दिवशीं उद्यान बंद असतें. पावसाळ्यांत गाभाहि बंद असतो. गांवांत घरगुती मुक्कामाची सोय असल्यास तेथेंच उतरावें. आणि निघण्यापूर्वीं समितीच्या कचेरींत जाऊन, हिशेबाचा फळा कोठें आहे, असें विचारावें.