जुन्या रायफलचा एक्स्ट्रॅक्टर तुटला? लेथवाल्याकडे जाण्याआधी हे वाचा

खंडेनवमीला शस्त्रं पुजायची म्हणून आजोबांची रायफल कपाटातून बाहेर निघते. कुणीतरी बोल्ट मागे-पुढे करून बघतो आणि लक्षात येतं, की बोल्टच्या तोंडावरचा छोटा आकडा तुटलाय. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आणल्यावरही अनेकांना असाच अनुभव येतो. मग घरात चर्चा सुरू होते : "एवढंसं तर लोखंड आहे, आपल्या लेथवाल्याकडून वेल्डिंग मारून घेऊ."

हेच करायचं नाही. का, ते समजून घेऊ.

तो आकडा करतो काय?

त्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. बोल्ट पुढे ढकलला की काडतूस चेंबरमध्ये जातं आणि आकडा त्याच्या बुडाची कड पकडतो. गोळी सुटल्यावर बोल्ट मागे ओढला, की हाच आकडा रिकामी पुंगळी बाहेर खेचतो. आकडा गेला तर रायफल उडेल, पण पुंगळी आतच अडकून राहील.

आपल्या भागात जुन्या बोल्टच्या रायफली मुख्यतः दोन जातींच्या दिसतात. एक .315 ची. इंग्रज सरकार लष्कराची .303 काडतुसं सामान्य लोकांच्या हाती देत नव्हतं, म्हणून हे वेगळं माप आलं. पुढे इशापूर आणि तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यांत या रायफली बनल्या. त्यांची रचना ली-एनफील्डची. यात एक्स्ट्रॅक्टर छोटा असतो, बोल्टच्या पुढच्या सुट्या डोक्यात बसतो आणि त्याला छोट्या स्प्रिंगचा दाब असतो. पुष्कळदा आकडा शाबूत असतो, स्प्रिंगच मेलेली असते. म्हणून नवीन पार्ट शोधण्याआधी ते तपासून घ्यावं.

दुसरी जात 1898 च्या माउझरची. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, कोल्हापूर, सावंतवाडी अशा संस्थानांच्या काळात शिकारीसाठी विलायती रायफली आल्या, त्यांतल्या कितीतरी याच घडणीच्या. यात एक्स्ट्रॅक्टर म्हणजे बोल्टच्या उजव्या अंगाला बसवलेली स्प्रिंग पोलादाची लांब पट्टी, तिच्या टोकाला नखी.

तुटतो कशामुळे?

माउझरमध्ये काडतूस मॅगझिनमधून वर सरकत नखीखाली जावं, अशी रचना आहे. काहीजण घाईत एकच काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकतात आणि बोल्ट जोरात बंद करतात. मग नखीला काडतुसाच्या कडेवरून उडी मारावी लागते. जुन्या बनावटीत नखी त्यासाठी घडवलेलीच नसते, त्यामुळे कधी ना कधी टोक उडतं.

दुसरं कारण गंज. कोकण, गोवा, खानापूरकडच्या पावसात पट्टीच्या खाली ओल साचते आणि वरून काही दिसत नाही. पूजेत हळद-कुंकू आणि पाणी बोल्टवर पडतं, ते तसंच राहतं. पूजा जरूर करा, पण कुंकू दस्त्याला लावा आणि संध्याकाळी रायफल कोरडी पुसून तेलाचा हात फिरवा.

तिसरं, चेंबरमध्ये चिकटलेली पुंगळी काढायला बोल्टच्या दांड्यावर हातोडी मारणं. हे तर कधीच नको.

वेल्डिंग का नको?

एक्स्ट्रॅक्टरला ताकद असते ती त्याच्या पोलादाला दिलेल्या पाण्यामुळे. वेल्डिंगच्या उष्णतेनं ते पाणी उतरतं. मग आकडा एकतर वाकतो, नाहीतर परत तुटतो. त्याहून वाईट म्हणजे आकडा बोल्टवर असतानाच कुणी गॅस लावला, तर गोळी सुटताना सगळा दाब झेलणारा बोल्टच नरम पडू शकतो. मागे तुमचा डोळा असतो, हे विसरू नका.

दुसऱ्या रायफलचा बोल्ट आणून बसवणं हाही तसाच घातक उपाय. बसला म्हणजे चालला असं नाही. बोल्टचं तोंड आणि काडतूस यांच्यातलं अंतर अगदी बारीक मापाचं असतं. ते वाढलं तर पुंगळी फाटून तापलेला गॅस मागे येतो. म्हणून बोल्टवरचा नंबर आणि रायफलवरचा नंबर जुळतोय ना, हे आधी पाहा.

योग्य दुरुस्ती म्हणजे त्याच जातीचा, त्याच काडतुसाच्या मापाचा एक्स्ट्रॅक्टर आणून गनस्मिथनं तो कानस मारून बसवायचा, डमी काडतुसांनी चालवून बघायचा आणि गेजनं अंतर मोजायचं. तुटलेला तुकडा फेकू नका, मापाला तोच लागतो.

आणि एक सांगतो : चेंबरमध्ये न उडालेलं काडतूस अडकलं असेल तर नळीतून गज घालून ठोकू नका. नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि गनस्मिथला बोलवा किंवा पोलीस ठाण्याला कळवा.

कायदा काय म्हणतो?

1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. म्हणजे ओळखीच्या लेथवाल्याला तुम्ही शंभर-दोनशे रुपयांच्या कामासाठी केवढ्या संकटात टाकताय, विचार करा. सुटे भागसुद्धा कायद्यानं शस्त्रातच मोडतात, त्यामुळे नुसता बोल्ट पिशवीतून पाठवणं हा पळवाटेचा मार्ग नाही.

परवानाधारक वयस्कर असतील तर? कलम 3 मध्ये सोय आहे. त्यांच्या समोर किंवा त्यांच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकते. पण परवानाधारक हयात नसतील, तर दुरुस्ती बाजूला ठेवा. आधी रायफल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारसाचा अर्ज लावा.

आपल्या सीमाभागाची खरी अडचण

बेळगाव-निपाणीच्या माणसाला गनस्मिथ म्हटलं की कोल्हापूर-पुणे आठवतं, आणि दोडामार्ग-सावंतवाडीच्या माणसाला गोवा जवळ पडतो. आपल्यासाठी हा रोजचा रस्ता असला तरी परवान्यासाठी ते दुसरं राज्य आहे. परवान्यावर क्षेत्राचा रकाना असतो, तो आधी वाचा. तिथं एकच राज्य लिहिलेलं असेल, तर दुरुस्तीचं कारण देऊन परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्या आणि मगच निघा. चेकपोस्टवर "दुरुस्तीला चाललोय साहेब" एवढं सांगून भागत नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले. यातल्या बऱ्याच रायफली आता वर्षातून एकदाच बाहेर निघतात. घाई कुणालाच नाही. मग चार-सहा महिने थांबून काम नीट झालेलं काय वाईट?