आर्ट्‌स शिकून काय मिळते?

'आर्ट्‌स घेऊन काय करणार?' हा प्रश्न आज आपल्याच वस्तीत विचारला जातो. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले तेव्हा इंग्रज सरकारला कारभारासाठी शिकलेली माणसे हवी होती. सरकारचा शिक्षणावरील पैसा वरच्या जातींच्याच कामी येतो, हे महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला सुनावले. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्रही अभ्यासले आणि १९१६ साली जातिसंस्थेवर निबंध वाचला. नोकरीसाठी दिलेली विद्या त्यांनी जातीच्या चिकित्सेचे हत्यार केली.

१९५० साली औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा राजा! तिथल्याच प्राध्यापक गंगाधर पानतावणेंच्या 'अस्मितादर्श'ने दलित साहित्याला व्यासपीठ दिले.

आज कित्येक घरांतली पहिली पिढी वर्गात पोचते आहे, नेमके तेव्हाच हे विषय निरुपयोगी ठरतात. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर वर्ग रेटले जातात.

पोटासाठी कौशल्य जरूर शिकावे. पण प्रश्न विचारणे सोडलेल्या समाजाचा इतिहास दुसरेच लिहितात. बांधवांनो, पोरीने इतिहास निवडला तर तिला अडवू नका!